पट्टी, मंडळी आणि फिबी

कडा गावच्या बाजारात कांदा घातला की आडत्या पट्टी हातात देतो. हमाली-तोलाई वजा जाऊन राहिलेली रक्कम मिळाली, की हिशेब मिटला. दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये हे काम फुटक्या खापरावर चाले. कर जमा झाला की वसूल करणारा खापरावर शाईने ग्रीकमध्ये लिहून देई : ‘आपेखो’. म्हणजे भरून पावलो. आपली ‘पावती’ही ‘पावणे’मधूनच आली.

बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात हाच शब्द तीनदा येतो. दान, प्रार्थना, उपास लोकांना दाखवून करणाऱ्यांना येशू तो लावतो. त्यांची पावती फाटली, आता देवाकडे येणे बाकी नाही! जर्मन अभ्यासक आडोल्फ डाइसमान यांनी १९०८ च्या ग्रंथात असे शब्द खापरे आणि पपायरसांशी ताडून दाखवले. त्याआधी, १८९६-९७ च्या हंगामात, ग्रेनफेल आणि हंट या ब्रिटिश अभ्यासकांनी इजिप्तमधल्या ऑक्सिऱ्हिंकसचे उकिरडे उपसायला घेतले होते. त्यांत पपायरसवर लिहिलेले अर्ज, करारपत्रे, घरगुती पत्रे निघाली. नव्या कराराची ग्रीक ही देवघरातली खास भाषा, असे तोवर अनेक पंडित मानत. ती निघाली बाजारातली.

‘एक्लेसिया’चेही तसेच. ग्रीक शहरातल्या नागरिकांच्या सभेला हा शब्द होता. इफिससच्या नाट्यगृहात चांदीच्या कारागिरांनी उठवलेल्या गोंधळी जमावालाही नव्या करारातले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक एक्लेसियाच म्हणते. ‘चर्च’ म्हटले की डोळ्यांपुढे इमारत येते. येशूचा प्रेषित पौल याच्या काळी तशी इमारतच नव्हती. तंबू करणाऱ्या प्रिस्का आणि अक्विलाच्या घरी माणसे जमत, तीच एक्लेसिया. मराठी बायबलाने तिला ‘मंडळी’ म्हटले. ‘घरची मंडळी कुठंयत?’ असे आपण रोज विचारतो, त्यातलीच ही मंडळी. माझ्या मते इंग्रजीपेक्षा मराठी इथे मुळाच्या जास्त जवळ आहे.

फिबीच्या बाबतीत मात्र भाषांतरे कचरली. करिंथच्या किंख्रिया बंदरातली ही बाई. पौल तिला ‘दियाकोनोस’ म्हणतो, स्वतःलाही तोच शब्द लावतो. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात पौल होतो ‘मिनिस्टर’, फिबी ‘सर्व्हंट’. तिला ‘प्रोस्तातिस’, म्हणजे अनेकांची पाठराखीण, आश्रयदातीही म्हटले आहे; तिथे नुसती ‘मदतनीस’ उरली. एका शब्दाच्या भाषांतरात बाईची पत उतरली.

मूळ शब्दापाशी स्वतः जायचे, हे मराठीत एका बाईनेच मनावर घेतले. पंडिता रमाबाई केडगावला – नगरजवळचे नव्हे, दौंड तालुक्यातले – हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचे भाषांतर करत बसल्या. खेड्यातल्या साध्या बायकांना कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांनीच खिळे जुळवलेले ते संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले.