फॉन्ट, मार्जिन, हेडिंग... सगळं एका कमांडमध्ये! जाणून घ्या पॅनडॉकबद्दल

ग्रुप प्रोजेक्ट पाच जणांनी लिहिला की पाच प्रकारचे फॉन्ट ठरलेलेच. मग सबमिशनच्या आदल्या रात्री एक जण सगळं नीट करत बसतो. हे काम पॅनडॉक हे मोफत सॉफ्टवेअर काही सेकंदांत करतं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी ते 2006 मध्ये आणलं. अँड्रॉइडवर टर्मक्स अ‍ॅपमध्येही ते चालतं. फाइल कुठल्याही वेबसाइटवर अपलोड करावी लागत नाही, हा मोठा फायदा.

आधी प्रत्येकाने आपला भाग मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचा. ओळीच्या सुरुवातीला एक हॅश आणि स्पेस दिली की मुख्य शीर्षक, दोन हॅश दिले की उपशीर्षक. फॉन्टचा विचारच करायचा नाही.

मग कमांड द्या. ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, वाचायची अशी:

पॅनडॉक भाग१.एमडी भाग२.एमडी -ओ प्रोजेक्ट.डॉकएक्स

दोन्ही भाग त्याच क्रमाने जोडून वर्डची एकच फाइल तयार!

आता स्टाइल. ही फाइल कॉम्प्युटरवर वर्डमध्ये उघडा, हेडिंग आणि मजकुराच्या स्टाइल बदला, मार्जिन ठरवा आणि 'नमुना' नावाने सेव्ह करा. पुढच्या वेळी कमांडमध्ये '--रेफरन्स-डॉक=नमुना.डॉकएक्स' जोडा. पॅनडॉक नमुन्यातला मजकूर सोडून देतं, फक्त रूप उचलतं.

मराठीसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' मानतं आणि तिचा फॉन्ट वेगळ्या रकान्यात असतो. तो बदलला नाही, तर इंग्रजी शब्द बदलतात आणि मराठी जसंच्या तसं राहतं.

कमांड रोज टाइप करायचा कंटाळा येतो? ती एका स्क्रिप्ट फाइलमध्ये ठेवा. कुणी आपला भाग सुधारला की स्क्रिप्ट पुन्हा चालवा, बस्स.

मर्यादाही आहेत. पॅनडॉक पीडीएफ बनवू शकतं (त्यासाठी वेगळं इंजिन लागतं), पण पीडीएफ वाचू शकत नाही. आणि मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फॉन्टमधलं टायपिंग ते दुरुस्त करत नाही.

म्हणून पुढच्या प्रोजेक्टला आधी नमुना फाइल बनवा, लिहायला नंतर बसा.