प्रशिक्षणवर्गातील प्रोजेक्टर व पडदा

केंद्रपातळीवरील शिक्षक-प्रशिक्षणवर्गांत व्याख्यानाच्या जोडीस आता प्रोजेक्टर बहुधा असतोच. तथापि पुढच्या तीन-चार रांगांना जे स्पष्ट दिसते ते मागच्या रांगांना वाचता येत नाही, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो. मागे बसलेले शिक्षक काही वेळ डोळे ताणतात आणि मग पडद्याकडे पाहणेच सोडून देतात. पुष्कळदा हे शिक्षक दूरच्या द्विशिक्षकी शाळांतून, एसटीच्या वेळेप्रमाणे उशिरा पोहोचलेले असतात. म्हणजे ज्यांना त्या दिवसाचा लाभ सर्वांत अधिक व्हावा, त्यांच्याच हाती काही लागत नाही. याचा दोष यंत्राला देऊन अधिक शक्तीच्या यंत्राची मागणी केली जाते. वस्तुतः बहुतेक वेळा दोष खोलीतील उजेडाचा असतो.

प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. जेथे अक्षर काळे दिसावयाचे तेथे तो फक्त प्रकाश अडवितो. म्हणून खोलीतील उजेडाने रिकामा पडदा जितका उजळलेला असेल त्याहून अक्षर अधिक काळे दिसणे शक्य नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली शांबरिक खरोलिकेचे जाहीर खेळ केले, तेव्हा काचेवरील चित्रे दिव्याच्या बेताच्या प्रकाशातही दिसली, ती भोवती अंधार होता म्हणून. आपले वर्ग भर दिवसा भरतात.

आता हिशेब पाहू. शेवटच्या रांगेचे अंतर चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा जास्त नसावे, असा जुना व उपयुक्त नियम आहे. शेवटची रांग पडद्यापासून ८ मीटरवर असेल, तर चित्राची उंची सुमारे १.३३ मीटर व रुंदी २.१३ मीटर हवी. क्षेत्रफळ झाले सुमारे २.८ चौरस मीटर. ३,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर या क्षेत्रावर दर चौरस मीटरला सुमारे १,०५० ल्युमेन, म्हणजेच १,०५० लक्स प्रकाश टाकील. खिडक्या उघड्या असून पडद्यावर बाहेरचा ५०० लक्स उजेड पडत असेल, तर पांढरा भाग काळ्याच्या जेमतेम तिप्पट उजळ दिसेल. तोच उजेड ५० लक्सवर आणला, तर हे प्रमाण सुमारे बावीस पट होते. यंत्र तेच, फक्त खिडक्या झाकल्या! याउलट, ‘मोठे दिसावे’ म्हणून चित्र चार मीटर रुंद, सबंध भिंतभर पसरविले, तर प्रकाश ३०० लक्सवर येतो आणि उघड्या खिडक्यांत ते प्रमाण दीडपटीच्या आसपास घसरते. मोठे चित्र म्हणजे चांगले चित्र ही समजूत येथे फसते. मराठी मजकुरात प्रथम अनुस्वार, रफार आणि वेलांट्या नाहीशा होतात; ‘मंद’ आणि ‘मद’ यांत मागच्या रांगेला फरकच उरत नाही.

सबंध खोलीत काळोख करण्याची मात्र आवश्यकता नाही. टिपणे घेण्यास उजेड लागतो, वाराही लागतो. पडदा खोलीच्या आखूड भिंतीवर घ्यावा आणि त्याच्या जवळच्या दोन खिडक्या जाड काळ्या कापडाने झाकाव्यात; मागील खिडक्या उघड्या राहिल्या तरी बाजूस असल्यास फारसे बिघडत नाही. कापड नसल्यास घोंगडी उत्तम काम देते. पडद्याच्या समोरच्या भिंतीत खिडकी अथवा दार असेल, तर ते अवश्य बंद हवे. पत्र्याच्या छपरात उजेडासाठी बसविलेला पारदर्शक पत्रा पडद्याच्या डोक्यावर येत नाही ना, हेही पाहावे.

पडद्यास चकाकी नसावी. चकाकी नसलेल्या पांढऱ्या रंगाची सपाट भिंत हा सर्वांत स्वस्त आणि चांगला पडदा होय. अडचण अशी की, बोलक्या भिंतींच्या उत्साहात आपल्या शाळांतून कोरी भिंत उरलेलीच नाही, आणि खालचा भाग ऑइलपेंटचा असल्याने मध्येच झगझगीत डाग दिसतो. एका भिंतीवर तेवढी चौकट मोकळी राखावी, अशी माझी मुख्याध्यापकांना आग्रहाची सूचना आहे. चादर लावावयाची तर दुहेरी व ताणलेली लावावी. एकेरी कापडातून बराच प्रकाश पलीकडे निघून जातो.

प्रशिक्षणार्थी खुर्च्यांवर बसणार असल्यास चित्राची खालची कड जमिनीपासून चार फूट, सतरंजीवर बसणार असल्यास तीन फूट ठेवावी. यंत्राचे अंतर त्याच्या भिंगावर अवलंबून असते. रुंदीच्या दीडपट अंतर मागणारे यंत्र वरील उदाहरणात ३.२ मीटरवर, म्हणजे श्रोत्यांच्या मधोमध येईल. निमपट अंतराचे यंत्र मीटरभर अंतरावर चालते व व्याख्यात्याची सावली कमी पडते. यंत्र पुस्तके खाली सारून तिरपे केले की चित्र वर रुंद व खाली अरुंद होते. बटणाने ते सरळ करता येते, परंतु त्यात अक्षरांची स्पष्टता थोडी जाते. त्यापेक्षा टेबलाची उंची बदलणे बरे.

शासनपत्रक जसेच्या तसे पडद्यावर लावण्याचा प्रघात मात्र कोणतेही यंत्र सुधारू शकणार नाही. एका चौकटीत सहा-सात ओळी पुरेत. वर्गाच्या आदल्या दिवशी दुपारी, त्याच उजेडात, संयोजकाने शेवटच्या रांगेत बसून त्या स्वतः वाचून पाहाव्यात.

वीस-पंचवीस जणांच्या बैठकीस दूरदर्शनसंचही चालतो, पण वरील नियम त्यालाही लागू आहे: ४३ इंची संचाची उंची अर्ध्या मीटरहून थोडीच जास्त, म्हणून तो सव्वातीन मीटरपर्यंतच उपयोगी, ७५ इंची फलक साडेपाच मीटरपर्यंत.

खरेदीच्या वेळी ल्युमेनचा आकडा ‘अॅन्सी’ किंवा ‘आयएसओ’ पद्धतीने मोजलेला आहे काय, हे विचारावे. अॅन्सी पद्धतीत चित्राच्या नऊ ठिकाणी प्रकाश मोजून सरासरी काढतात. नुसत्या ‘ल्युमेन’ शब्दापुढील भले मोठे आकडे भरवशाचे नसतात. जेथे वीज वारंवार जाते तेथे एलईडी अथवा लेझर दिव्याचे यंत्र घ्यावे. जुन्या पाऱ्याच्या दिव्याचे यंत्र असल्यास काम संपताच मुख्य बटण न काढता पंखा थांबेपर्यंत त्याला निवू द्यावे.