खांदशेकणीचं मानसशास्त्र

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातल्या गावांत गोठ्यापुढे पाणी तापतं. ज्या खांद्यावर वर्षभर जू टेकलं, तो खांदा कोमट पाण्यानं शेकायचा, मग हळद आणि तूप किंवा तेल लावून बोटांनी चोळायचा. ही खांदशेकणी. ती आटोपली की बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं रीतसर आवतन द्यायचं, घरच्या पाहुण्याला देतात तसं. दुसऱ्या दिवशी, श्रावण अमावास्येला, ना जू ना तुतारीची टोचणी. शिंगांना रंग, कपाळाला बाशिंग, अंगावर झूल, तोरणाखाली झडत्यांची चढाओढ, आणि पुरणपोळीचा पहिला घास बैलाला.

हे सगळं आपल्या इतकं सवयीचं आहे की त्याकडे प्रश्न म्हणून कोणी पाहत नाही. राबणाऱ्या जनावराचा खांदा चोळून माणसाला नेमकं काय मिळतं? गेली वीसेक वर्षं मानसशास्त्रज्ञ कृतज्ञतेवर प्रयोग करत आहेत. त्यांचे निष्कर्ष हाताशी घेऊन खांदशेकणी पाहिली, तर प्रयोगांतल्या कृतज्ञतेच्या वहीपेक्षा गोठ्यातली ही रीत काही बाबतींत अधिक पक्की वाटते.

आधी अडचण समजून घेऊ. सुख शिळं होतं. 1978 साली फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत लॉटरी लागलेल्या 22 जणांना गाठलं. रोजच्या साध्या गोष्टींत, म्हणजे सकाळचा नाश्ता, मित्राशी गप्पा, एखादा विनोद, किती आनंद वाटतो, हा त्यांना विचारलेला प्रश्न. ज्यांना काहीच लागलं नव्हतं त्यांच्यापेक्षा या भाग्यवंतांना तो आनंद कमी वाटत होता. माणसं मोजकीच होती, त्यामुळे या अभ्यासावर फार भार टाकू नये. पण सुखाची सवय होते, हे पुढच्याही बऱ्याच अभ्यासांत दिसलं.

मेंदूत याचं कारण सापडतं. वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींवर काम केलं. माकडाला अवचित फळाचा रस मिळाला की या पेशी जोरात सक्रिय होत. रस येण्याआधी दिव्याची खूण मिळू लागली आणि माकडाला ती कळली, की पेशी दिव्याला दाद देत. रस आल्यावर त्यांची नेहमीचीच संथ गती. ठरलेलं सुख ठरल्या वेळी आलं तर या पेशींच्या हिशेबात ती बातमीच नसते. आपल्या रोजच्या चहाचं असंच होतं. तो वाईट नसतो, नुसता अपेक्षित असतो. मिळाला नाही की मात्र डोकं चढतं.

म्हणूनच पहिल्या पावसाचा वास कधी शिळा होत नाही. वणीत मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, काळी जमीन भेगाळते, दगडी कोळशाची बारीक धूळ झाडापानांवर बसते. मग मिरगाच्या सुमारास पहिली सर येते आणि निर्गुडेच्या काठापासून बाजारपेठेपर्यंत माणसं काम थांबवून नाक वर करतात. या वासाला पेट्रिकोर हे शास्त्रीय नाव ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी 1964 साली दिलं. त्यातला मातकट भाग जिओस्मिन या रसायनाचा. मातीतले स्ट्रेप्टोमायसीससारखे जिवाणू ते तयार करतात, आणि अब्जावधी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी आपलं नाक ते टिपतं. थेंब मातीवर आपटला की त्यात बारीक बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि वासाचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात. फुकटातलं सुख आहे, पण वर्षातून एकदाच येतं. त्याचं अर्धं मोल त्या वाट पाहण्यात आहे.

वाट पाहायला लावण्याची ही युक्ती आपल्या बायकांनी चातुर्मासात बसवून ठेवली. कांदेनवमीला कांद्याचे सगळे प्रकार खाऊन घ्यायचे, मग चार महिने कांदा-वांगं बंद, आणि चंपाषष्ठीला भरीत आणि रोडगे. धार्मिक कारण काहीही सांगोत; 2013 साली जोर्डी क्वाडबाख आणि एलिझाबेथ डन यांनी जवळजवळ हाच नेम चॉकलेटवर करून पाहिला. काही जणांना आठवडाभर चॉकलेट वर्ज्य, काहींना हवं तितकं खायला घरी दिलं, उरलेल्यांना काहीच सूचना नाही. आठवड्यानं सगळ्यांना परत एक तुकडा दिला. ज्यांनी सोडलं होतं, त्यांना तो सर्वांत जास्त आवडला. चार महिन्यांचा नेम पाळणाऱ्या आजीला यात नवल वाटलं नसतं. प्रयोग आठवड्यातच उरकला, एवढीच तिची तक्रार असती.

आता कृतज्ञतेचा मुख्य प्रयोग. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांनी 2003 साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांचे तीन गट. एकानं आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञता वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्यानं कटकटी, तिसऱ्यानं नुसत्या घडामोडी. दहा आठवड्यांनी पहिला गट आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी होता आणि कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त व्यायामही करत होता. स्नायू-मज्जातंतूंच्या आजारानं ग्रासलेल्या प्रौढांकडून त्यांनी हेच 21 दिवस रोज करून घेतलं, तेव्हा त्यांची झोप सुधारली, आणि बदल त्यांच्या जोडीदारांच्याही लक्षात आला. मला यातली जोडीदारांची साक्ष सर्वांत महत्त्वाची वाटते. स्वतःबद्दल माणूस काहीही लिहील. घरचे फुकट दाखला देत नाहीत.

पण यातही शिळेपणा शिरतो. सोन्या ल्युबोमिर्स्की यांनी काही जणांना आठवड्यातून एकदा तर काहींना तीनदा असं लिहायला लावलं. सहा आठवड्यांनी फायदा दिसला तो एकदाच लिहिणाऱ्यांत. हल्ली मोबाइलवर रोज सकाळी घंटा वाजवून कृतज्ञतेची आठवण करून देणारी अॅप निघाली आहेत. त्यांना हे कोणी सांगितलेलं दिसत नाही.

दुसरी गोष्ट आपल्यासाठी अधिक महत्त्वाची. यातले बहुतेक प्रयोग अमेरिकेतले. 2017 साली लिउडमिला टिटोव्हा आणि सहकाऱ्यांनी गोऱ्या अमेरिकनांबरोबर भारतीयांनाही घेतलं. कृतज्ञतेच्या लेखनानंतर भारतीयांमध्ये आनंदासोबत अपराधीपणा आणि खिन्नताही वर आली. वणीच्या कोणत्याही घरात बसलेल्या माणसाला हे पटेल. आईनं किती केलं याची यादी कागदावर उतरवली की पहिल्यांदा आठवतं, आपण तिच्यासाठी काय केलं नाही ते. आपल्याकडे उपकार फेडायचे असतात, नुसते नोंदवायचे नसतात. तोंडानं आभार तर आपण घरात मानतच नाही, आणि यात आपण एकटे नाही. जगातल्या आठ भाषांतल्या रोजच्या बोलण्याचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. कोणी मागितलेली मदत केल्यावर आभाराचे शब्द सरासरी वीसपैकी एखाद्या वेळीच उच्चारले गेले होते.

खांदशेकणी इथे वहीच्या पुढे जाते, असं मला वाटतं. ती वर्षातून एकदा येते, म्हणून शिळी होत नाही. ती कोणा अमूर्त 'जीवना'चे आभार मानत नाही. तिचा रोख एका बैलाच्या एका खांद्यावर असतो, जिथं जुवानं घट्टा पडलाय, क्वचित जखम झालीय. चोळताना मालकाला ती जखम दिसते, हाताला लागते. शिवाय त्याच क्षणी थोडी फेड होते. अपराधीपणाला औषध म्हणून कृती हाताशी तयार असते. बैलाला यातलं काय कळतं, असं विचारणाऱ्यांसाठी व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातला एक अभ्यास आहे. संशोधकांनी गायींना वेगवेगळ्या जागी चोळून पाहिलं, तेव्हा मानेखाली चोळल्यावर गायी सर्वांत जास्त मान ताणत आणि कान सैल सोडत. गायी एकमेकींना चाटतात तेव्हा हेच करतात. पोळ्याच्या परिणामाची मोजणी अद्याप झालेली माझ्या पाहण्यात नाही, तेव्हा वरचा सगळा युक्तिवाद तर्काचा आहे, प्रयोगाचा नाही.

वणीच्या शिवारात अशी आणखी एक रीत आहे. कपाशी फुटली की पहिल्या वेच्याआधी सीतादही करतात: पऱ्हाटीत पूजा मांडायची, दही-भाताचा नैवेद्य दाखवायचा, मग ओटीत कापूस. भाव काय मिळेल हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नसतं.

आणि भावाचा विषय निघाला आहे तर स्पष्ट बोललं पाहिजे. यवतमाळ जिल्ह्याचं नाव शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर गेलं. अशा ठिकाणी कृतज्ञतेचे गोडवे गाताना जीभ सांभाळावी लागते. विज्ञानही तेच सांगतं: 2021 साली डेव्हिड क्रेग आणि जेनिफर चीव्हन्स यांनी 27 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नैराश्य आणि चिंता यांवर कृतज्ञतेच्या व्यायामांचा परिणाम अगदी थोडा निघाला. खिन्नता हटत नसेल तर डॉक्टर हवा, आणि कर्ज फिटत नसेल तर पिकाला दाम हवा. ज्याचा खांदा सोलला आहे त्याला 'समाधानी राहा' असं सांगणं हा या विषयाचा सर्वांत मोठा गैरवापर. खांदशेकणीत तर शेकणारा मालक असतो. बैलाला कोणी कृतज्ञ राहायला सांगत नाही.

ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या, मध्यंतरी जनावरांतल्या लम्पीच्या साथीनं सार्वजनिक पोळ्यावर बंधनं आली. तरी पोळा फुटला की गडी जोडी घेऊन अजून दारोदार येतात, घरातली बाई बैलांचे पाय धुते, ओवाळते, आणि गड्याच्या हातावर बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, ठेवते. ज्यांच्याकडे ना शेत आहे ना बैल, त्यांनाही एवढं करता येतं. यंदा जोडी दाराशी आली तर ओवाळून लगेच आत वळू नका. बैलाच्या खांद्यावरून एकदा हात फिरवा, आणि वर्षभर त्याच्या मागं चालणाऱ्या गड्याला बोजारा देताना हात आखडता घेऊ नका.