खेळाडू कॉलेज बदलतो तेव्हा : अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधल्या बदलीच्या नियमांची गोष्ट

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याचा प्रश्न आला होता. ते म्हणाले, मुलगा अमेरिकेत शिकतो, त्याच्याबरोबर कॉलेज बास्केटबॉल बघायची सवय लागली. पण दरवर्षी तेच चेहरे वेगळ्याच कॉलेजच्या जर्सीत दिसतात, हे प्रकरण काय आहे? प्रश्न इतका चांगला होता की आजचा सगळा वेळ त्यालाच द्यायचा ठरवलं.

एका सामन्यापासून सुरुवात करू. 7 एप्रिल 2025. राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना, फ्लोरिडा विरुद्ध ह्यूस्टन. फ्लोरिडा 65-63 असं जेमतेम जिंकलं. आता त्यांचे सुरुवातीचे पाच खेळाडू बघा. वॉल्टर क्लेटन आधी आयोना नावाच्या छोट्या कॉलेजात होता. अलिजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकमधून आला, विल रिचर्ड बेलमाँटमधून, रुबेन चिनयेलू वॉशिंग्टन स्टेटमधून. म्हणजे पाचातले चार दुसरीकडून आलेले. दहा वर्षांपूर्वी असा संघ बांधता आला नसता असं नाही, पण या चौघांना त्यासाठी आपल्या खेळातलं एकेक वर्ष मोजावं लागलं असतं. ते वर्ष कुठे गेलं, कुणी काढून टाकलं, आणि त्याच्या जागी काय आलं, ते आज बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, प्रेक्षक म्हणून वर्गातली मुलं आणि शेवटी एक ढाल. तिथे तसं नाही. हजारोंनी भरलेली स्टेडियम, टीव्हीचे अब्जावधी डॉलरचे करार, आणि या सगळ्यावर एनसीएए नावाची संघटना. 1906 सालापासून ती आहे. तिच्या सर्वांत वरच्या गटात, ज्याला ते डिव्हिजन वन म्हणतात, साडेतीनशेहून जास्त कॉलेजांचे बास्केटबॉल संघ आहेत. चांगल्या खेळाडूला कॉलेज शिष्यवृत्ती देतं : फी, राहणं, जेवण, पुस्तकं. खेळायला मिळतात चार हंगाम, आणि तेही पाच वर्षांच्या आत. हे पाच वर्षांचं घड्याळ लक्षात ठेवा, पुढे ते महत्त्वाचं आहे.

तर जुना नियम काय होता? कॉलेज बदललंत तर नव्या कॉलेजात एक पूर्ण वर्ष बाहेर बसायचं. सराव करा, वर्गात जा, शिष्यवृत्ती घ्या, पण सामन्यात उतरायचं नाही. घड्याळ मात्र चालूच. पाचातलं एक वर्ष असंच गेलं. त्याआधी दुखापतीत एक वर्ष गेलेलं असेल, तर चौथा हंगाम हातचा गेलाच.

या नियमात अडकलेला सगळ्यात प्रसिद्ध माणूस म्हणजे लॅरी बर्ड. 1974 साली तो इंडियाना विद्यापीठात दाखल झाला. फ्रेंच लिकसारख्या लहान गावातला मुलगा, एवढं मोठं विद्यापीठ त्याला झेपलं नाही. महिनाही पूर्ण न करता तो घरी परतला आणि गावाच्या नगरपालिकेत कामाला लागला. रस्त्यांची कामं, कचऱ्याची गाडी. पुढच्या वर्षी तो इंडियाना स्टेटमध्ये आला, आणि 1975-76चा अख्खा हंगाम त्याने बाहेर बसून काढला. 1979मध्ये तोच माणूस मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटविरुद्ध अंतिम सामन्यात होता. म्हणजे बाहेर बसल्याने कुणी संपतच होतं असं नाही. पण बर्ड एखादाच असतो.

नियमाचं अधिकृत कारण काय सांगत? अभ्यास. नव्या कॉलेजात मुलाला रुळायला वेळ मिळावा. ऐकायला बरं वाटतं. पण मग हे बघा : हा नियम बास्केटबॉल, फुटबॉल, बेसबॉल आणि पुरुषांच्या आइस हॉकीला होता. टेनिसपटूला, पोहणाऱ्याला, व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलीला एकदा कॉलेज बदलून लगेच खेळता येत असे. आता पोहणाऱ्या मुलाला अभ्यासात रुळायला वेळ लागत नाही आणि बास्केटबॉलवाल्याला लागतो, हे कुणाला पटेल? (हशा) माझं मत स्पष्ट आहे. ज्या खेळांत खेळाडू पळवण्याची ओढ सगळ्यात जास्त, तिथेच हे कुंपण होतं. आणि कुंपण फक्त मुलांना होतं. प्रशिक्षक करार मोडून दुपारी दुसऱ्या कॉलेजात पत्रकार परिषद घेऊ शकत होता, आणि संध्याकाळी त्याची जुनी मुलं टीव्हीवर ती बघत असत.

दुसरी एक गोष्ट होती, तिची चर्चा कमी होते. दुसऱ्या कॉलेजने मुलाशी बोलायचं तर आधीच्या कॉलेजची परवानगी लागे. प्रशिक्षक ठरावीक कॉलेजांची नावं खोडूनही टाकू शकत असे. आपल्या क्रिकेटमध्ये एका राज्याकडून दुसऱ्या राज्याकडे जायचं तर संघटनेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. 2025मध्ये यशस्वी जयस्वालने मुंबईकडून गोव्याकडे जाण्यासाठी ते मागितलं आणि मग विचार बदलला, ते तुम्हाला आठवत असेल. तसंच काहीसं. फरक एवढाच की इथे प्रमाणपत्र मागणारा एकोणीस-वीस वर्षांचा विद्यार्थी होता, आणि त्याला पगार नव्हता.

ही परवानगीची भानगड ऑक्टोबर 2018मध्ये संपली. तेव्हा ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं. पोर्टल म्हणजे जादू काही नाही, एक नोंदवही आहे, संगणकावरची. मुलाने आपल्या कॉलेजच्या कार्यालयाला कळवायचं, दोन कामकाजी दिवसांत त्याचं नाव त्यात चढवणं कॉलेजला बंधनकारक, आणि नाव चढलं की इतर प्रशिक्षक त्याच्याशी थेट बोलू शकतात. परवानगी मागायच्या ऐवजी फक्त सूचना द्यायची. कागदावर छोटा बदल, पण मुलाची मान पहिल्यांदा ताठ झाली ती इथे.

मग आलं 2021. त्या वर्षी तीन गोष्टी पाठोपाठ घडल्या. एप्रिलमध्ये एनसीएएने सगळ्या खेळांना एकदा बदली करून लगेच खेळायची मुभा दिली. जूनमध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने, नऊ विरुद्ध शून्य, एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. खटला शिक्षणाशी संबंधित लाभांपुरता होता, पण न्यायमूर्ती कॅव्हेनॉ यांनी वेगळं मत लिहून एनसीएए कायद्याच्या वर नाही असं बजावलं, आणि देशभरच्या वकिलांनी ते बरोबर ऐकलं. आणि 1 जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाचा, चेहऱ्याचा व्यावसायिक वापर करून पैसे मिळवायची मोकळीक मिळाली. कॉलेज बदलायची मुभा आणि पैसे मिळवायची मुभा एकाच उन्हाळ्यात आल्यावर दुसरं काय होणार होतं?

पण मुभा एकदाच होती. दुसऱ्यांदा बदली केली तर पुन्हा जुना नियम : बाहेर बसा, नाहीतर खास सवलत मागा. आणि 2023च्या सुरुवातीला एनसीएएने त्या सवलतीचे निकष आणखी कडक केले. इथे आपल्याला भेटतो रेक्वान बॅटल.

बॅटल वॉशिंग्टन राज्यातल्या तुलालिप या मूलनिवासी जमातीतला. आधी वॉशिंग्टन विद्यापीठात, मग माँटाना स्टेटमध्ये दोन वर्षं. तिथला प्रशिक्षक 2023मध्ये दुसऱ्या कॉलेजात निघून गेला. बॅटलही निघाला आणि वेस्ट व्हर्जिनियात आला. ही त्याची दुसरी बदली. मानसिक आरोग्याचं कारण देऊन त्याने सवलत मागितली, ती नाकारली गेली. नोव्हेंबरमध्ये हंगाम सुरू झाला, हा बाकावर. ज्याच्या जाण्यामुळे हे घडलं तो प्रशिक्षक मात्र पहिल्या दिवसापासून नव्या संघाबरोबर.

डिसेंबरमध्ये सात राज्यांच्या महाधिवक्त्यांनी एनसीएएवर खटला भरला. युक्तिवाद खेळाचा नव्हता, बाजाराचा होता. अमेरिकेत 1890 सालचा मक्तेदारीविरोधी शेर्मन कायदा आहे. सगळ्या कॉलेजांनी मिळून ठरवायचं की जागा बदलणाऱ्याला वर्षभर काम द्यायचं नाही, हा संगनमताचा प्रकार आहे, असं राज्यांचं म्हणणं. 13 डिसेंबर 2023ला न्यायाधीश जॉन प्रेस्टन बेली यांनी चौदा दिवसांची तात्पुरती मनाई दिली. मुलं खेळू शकतात!

आणि मग पुढचे दोन दिवस काय गोंधळ! एनसीएएने कॉलेजांना कळवलं की आता खेळलात आणि उद्या आदेश फिरला, तर हा हंगाम तुमच्या चारात मोजला जाईल. विचार करा, चौदा दिवसांच्या आदेशावर विसंबून वर्ष डावाला लावायचं का? वीस-बावीस वर्षांच्या पोराने हे ठरवायचं. शेवटी 15 डिसेंबरला दोन्ही बाजूंनी समझोता केला की हा आदेश त्या शैक्षणिक वर्षातल्या खेळांच्या अखेरपर्यंत लागू राहील. बॅटल त्या महिन्यातच मैदानात उतरला. पुढे केंद्राचं न्याय खातंही राज्यांच्या बाजूने खटल्यात आलं. एप्रिल 2024मध्ये एनसीएएने स्वतःच नियम बदलला : कितीही वेळा बदली करा, अभ्यासाच्या अटी पाळल्या असतील तर लगेच खेळा. एकाच हंगामात दोन कॉलेजांकडून मात्र खेळता येत नाही. मे 2024च्या शेवटी खटल्यातला कायमचा समझोता झाला. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला नियम सहा महिन्यांत गेला.

आता कुणी म्हणेल, मग झालं की, न्याय झाला. झालाच. पण त्याची किंमत कुणी मोजली तेही बघायला हवं.

तुमच्यापैकी कुणाचे नातेवाईक जर्सी सिटीत असतील तर त्यांना सेंट पीटर्स विद्यापीठ विचारा. लहानसं कॉलेज. राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक विभागात संघांना 1 ते 16 मानांकन असतं. 2022मध्ये सेंट पीटर्सला 15वं होतं, म्हणजे तळातून दुसरं. त्यांनी केंटकीला हरवलं, मग मरे स्टेटला, मग पर्ड्यूला, आणि शेवटच्या आठांत पोचले. इतक्या खालच्या मानांकनाचा संघ तिथवर त्याआधी कधीच गेला नव्हता. नॉर्थ कॅरोलायनाने त्यांना हरवलं. त्यानंतर काही दिवसांतच प्रशिक्षक शाहीन हॉलोवे जवळच्याच सीटन हॉलला गेले. मग खेळाडू निघाले. एन्डेफो प्रशिक्षकामागोमाग सीटन हॉलला, मिशांमुळे देशभर प्रसिद्ध झालेला डग एडर्ट ब्रायंटला, बँक्स सेंट बोनाव्हेंचरला. ज्या संघाने कॉलेजचं नाव देशभर नेलं, त्यातले बहुतेक महत्त्वाचे खेळाडू पुढच्या हंगामात तिथे नव्हते. मी यात कुणाला दोष देत नाही. एन्डेफोच्या जागी तुमचा मुलगा असता तर तुम्ही त्याला काय सांगितलं असतं? पण जर्सी सिटीतल्या त्या व्यायामशाळेत पुढच्या वर्षी तिकीट काढून बसलेल्या माणसालाही काहीतरी वाटलं असेलच.

दुसरी किंमत मोजतात ते खेळाडू, ज्यांची नावं आपल्याला कधी कळत नाहीत. 2025च्या वसंतात पुरुषांच्या डिव्हिजन वन बास्केटबॉलमध्ये दोन हजारांहून जास्त मुलं पोर्टलवर होती. क्लेटनसारख्याला दहा फोन येतात. पण संघात नवव्या-दहाव्या क्रमांकाचा जो मुलगा असतो, तो नाव घालतो आणि फोनची वाट बघत बसतो. आणि नाव चढल्यावर जुन्या कॉलेजला त्या सत्राअखेरीस त्याची शिष्यवृत्ती बंद करता येते. परत या म्हणायचं की नाही, ही कॉलेजची मर्जी. नाव घालायची मुदतही आखडत गेली : बास्केटबॉलला आधी 60 दिवस होते, मग 45, 2025मध्ये 30. आयुष्याचा निर्णय, आणि बरोबर परीक्षांच्या तोंडावर.

पैशाचं शेवटचं. जून 2025मध्ये हाऊस खटल्यातला समझोता न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केला. आता कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात; पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळ्या खेळांत मिळून सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरची मर्यादा. थेट पैसे आले म्हणजे करार आले, आणि करारात कलमं आली. मुदतीआधी सोडून गेलास तर इतकी रक्कम भर, असं कलम काही कॉलेजं घालू लागली आहेत. मला यात गंमत वाटते. जी अडवणूक नियमपुस्तकातून कोर्टाने काढली, ती कराराच्या कागदावर परत येते आहे. फरक आहे, आणि तो मोठा आहे : या कागदावर मुलाची सही असते, बदल्यात पैसे असतात, आणि वाचून दाखवायला वकील आणता येतो. आणतो का, हा पुढचा प्रश्न.

आता समोरून एक चिठ्ठी आली आहे. "एवढी कॉलेजं बदलून डिग्री पूर्ण होते का?" चांगला प्रश्न. अट अशी आहे की तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा 40 टक्के भाग पूर्ण हवा, चौथ्याला 60, पाचव्याला 80. पण टक्केवारी मोजतात नव्या कॉलेजच्या पदवीची. तुम्ही एका ठिकाणी अर्थशास्त्राचे विषय घेतले आणि नव्या कॉलेजने त्यातले काही धरलेच नाहीत, तर तुम्ही पास होऊनही मागे पडता. मग काय करतात? ज्या शाखेत जास्तीत जास्त विषय धरले जातील ती शाखा घेतात. म्हणजे मुलगा कोणत्या कोर्टवर खेळणार हे आता तो स्वतः ठरवतो, आणि काय शिकणार हे बऱ्याचदा निबंधक कार्यालयातला तक्ता ठरवतो. मुलगा तिकडे शिकतोय असं ज्यांनी प्रश्नात लिहिलं होतं, त्यांनी सामना बघताना एकदा त्याला विचारावं; त्याच्या वर्गात असा एखादा उंच मुलगा नक्की बसत असेल.