वादळ सूर्यावरचं, नोंद अलिबागची

१० मे २०२४ ला अक्षय्य तृतीया होती. अमावास्या होऊन दोनच दिवस झालेले, त्यामुळे चंद्राची कोर लवकर मावळली आणि पुढची रात्र अंधारी होती. साडेदहाच्या सुमारास सूर्याकडून निघालेला प्रभारित कणांचा आणि चुंबकीय क्षेत्राचा प्रचंड लोंढा पृथ्वीच्या चुंबकावरणावर आदळला. त्यामागोमाग आणखी लोंढे येत राहिले. पहाटेपर्यंत हे वादळ जी-५ या सर्वांत वरच्या पायरीवर पोचलं. ऑक्टोबर २००३ नंतर इतकं मोठं वादळ झालं नव्हतं. लडाखमध्ये हान्ले इथे भारतीय खगोलीय वेधशाळा आहे. तिथल्या संपूर्ण आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्यांत त्या रात्री उत्तर क्षितिजावर तांबडा प्रकाश उमटला. असे फोटो आले की आपल्याकडच्या खगोलप्रेमींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथून दिसेल का?

उत्तरासाठी थोडी भूमिती लागते. हा तांबडा प्रकाश फार उंचावरचा. जमिनीपासून २०० किलोमीटरच्या वर, अतिविरळ हवेत, ऑक्सिजनच्या अणूला ऊर्जा मिळाली तरी तो ती लगेच सोडत नाही. सरासरी पावणेदोन मिनिटं तसाच राहतो आणि मग ६३० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश देतो. खालच्या दाट हवेत एवढी सवड मिळत नाही. दुसऱ्या कणाचा धक्का बसतो आणि ऊर्जा परस्पर निघून जाते. म्हणून ध्रुवांजवळ राहणाऱ्यांना हिरवे पडदे दिसतात आणि दूर दक्षिणेकडून पाहणाऱ्याला त्या पडद्यांचा फक्त वरचा तांबडा काठ. तो काठ ४०० किलोमीटर उंचीवर असेल तर आपल्यापासून जास्तीत जास्त २० अक्षांशांवर असायला हवा, तरच क्षितिजाला टेकलेला जेमतेम दिसेल. हान्ले जवळपास ३३ अंशांवर, साडेचार हजार मीटर उंचीवर, कोरड्या हवेत. मुंबई १९ अंशांवर आणि समुद्रकाठी. म्हणजे हा प्रकाश ३९ अंशांपर्यंत खाली उतरला तरी मुंबईकराच्या वाट्याला येईल तो क्षितिजावरच्या धुरकट पट्ट्यात बुडालेलाच.

कधीच दिसला नाही, असंही नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रविवारी असं वादळ झालं, की मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची बातमी 'टाइम्स ऑफ इंडिया'ने छापली. पण दीडशे वर्षांत एखाद्या वेळी घडणाऱ्या गोष्टीसाठी रोज आकडे बघत बसायला कोण सांगेल? मी सांगतो आहे, आणि कारण वेगळं आहे. सूर्यावरचं प्रत्येक मोठं वादळ महाराष्ट्रात पोचतं. डोळ्यांना दिसत नाही, पण चुंबकसूचीला कळतं, रेडिओला कळतं, उपग्रहांच्या संदेशांना कळतं. रोजची पत्रकं त्या दृष्टीने वाचली तर ती आपल्याही कामाची आहेत.

अमेरिकेत बोल्डर इथलं अवकाश हवामान केंद्र तीन दिवसांचा अंदाज दिवसातून दोनदा काढतं, आपल्या घड्याळाने सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. त्यात सगळ्यांच्या नजरेत भरतो तो केपी निर्देशांक. शून्य ते नऊ अशी ही मोजपट्टी जर्मन शास्त्रज्ञ युलियस बार्टेल्स यांची. जगभरातल्या १३ चुंबकीय वेधशाळांच्या नोंदींवरून दर तीन तासांना तो काढतात. पाचला सौम्य वादळ म्हणजे जी-१ सुरू होतं, नऊला जी-५. हे तीन तासांचे टप्पे जागतिक वेळेनुसार असतात. आपला पहिला टप्पा पहाटे साडेपाच ते साडेआठ. त्यामुळे तक्ता वाचताना साडेपाच तास मिळवायला विसरू नये, नाहीतर रात्रीचं वादळ दुपारचं वाटतं.

नुसत्या केपीवर भिस्त ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वादळ येणार की नाही, हे कळतं ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर सूर्याच्या बाजूला, एल-१ बिंदूपाशी ठेवलेल्या यानांकडून. आपलं आदित्य एल-१ हे जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे आणि त्याच्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाच्या पुढाकाराने तयार झाली आहे. सौरवाऱ्याचा वेग शांत दिवशी सेकंदाला ३०० ते ४०० किलोमीटर असतो, वादळात ८०० च्या पुढे जातो. ४०० च्या वेगाने एल-१ पासून इथवर यायला एक तास लागतो, ८०० ने अर्धा तास. आपल्याला मिळणारी पक्की पूर्वसूचना एवढीच.

पण वेगाहूनही महत्त्वाचा आकडा आहे बीझेड, म्हणजे सौरवाऱ्याबरोबर आलेल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक. तो उत्तरेकडे असला तर वारा कितीही जोरात आला तरी पृथ्वीचं कवच बहुतेक मिटलेलं राहतं. दक्षिणेकडे वळला, म्हणजे आकड्याआधी उणे चिन्ह आलं, की दाराची कडी निघते आणि ऊर्जा आत शिरते. उणे दहाच्या खाली तासन्‌तास राहिला तर वादळ नक्की समजावं. त्या मे महिन्यात तो उणे ५० नॅनोटेस्लाच्या आसपास गेला होता. सूर्यावर मोठी ज्वाला उसळली की 'पृथ्वीवर संकट' अशा बातम्या येतात आणि दोन दिवसांनी काहीच घडत नाही, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. लोंढा बाजूने निघून जातो, किंवा बीझेड उत्तरेकडेच राहतो.

शेवटचा आकडा डीएसटी. आपल्यासाठी केपीपेक्षा हा जवळचा. आणि इथे आपल्याला कुलाब्याला जावं लागतं.

कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय वेध घेतले जात. दुर्बिणीतून पाहायचं, टांगलेल्या चुंबकाचं विचलन मोजपट्टीवर वाचायचं आणि वहीत लिहायचं, हे दर तासाला. सूची अस्वस्थ झाली की दर १५ मिनिटांनी, कधी दर पाच मिनिटांनी. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यडागांचं चित्र काढत असताना त्यांना डागांवर पांढरा लखलखाट दिसला. साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर पोचलं. मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याच्या निरीक्षकांनी त्या सकाळी वाचनं सोडली नाहीत. भूचुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरला, आणि ती घसरण पायरीपायरीने वहीत उतरली. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना आणि सहकाऱ्यांनी याच नोंदींवरून त्या वादळाची ताकद मोजली. एवढी घसरण कोणकोणत्या विद्युतप्रवाहांमुळे झाली यावर अभ्यासकांत अजून वाद आहे, पण त्या वादाचा आधारही कुलाब्याची वहीच आहे. असं काम करणाऱ्या माणसांबद्दल मला अपार आदर वाटतो.

मुंबईची ट्राम विजेवर चालवायचं ठरलं तेव्हा तिच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे उघड होतं. नानाभाई मूस तेव्हा कुलाब्याचे संचालक होते. अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. बांधकामात लोखंड टाळलं, दगडही चुंबकीय नाही याची खात्री करून घेतलेला. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं चालू ठेवली, म्हणजे जुनी आणि नवी मालिका बिनतुटीची जोडता यावी. आज ही वेधशाळा नवी पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची आहे.

अलिबागचं महत्त्व जागेमुळे आहे. वादळात विषुववृत्ताच्या वर हजारो किलोमीटर उंचीवर पृथ्वीभोवती पश्चिमेकडे वाहणारा वलयप्रवाह बळावतो आणि जमिनीवरचा आडवा घटक कमी करतो. उत्तर युरोप-कॅनडात ध्रुवीय प्रकाशाबरोबरचे प्रवाह इतका गोंधळ घालतात की ही घसरण स्वच्छ दिसत नाही. कमी अक्षांशांवर दिसते. डीएसटी हा तिचाच जागतिक आकडा. हर्मानस, काकिओका, होनोलुलू आणि सान हुआन या चार ठिकाणांच्या नोंदींवरून जपानमधलं क्योतो केंद्र तो दर तासाला काढतं. उणे ५० ला मध्यम वादळ, उणे १०० ला तीव्र. मे २०२४ मध्ये तो उणे ४०० च्या खाली गेला. अलिबागला आडवा घटक ३८ हजार नॅनोटेस्लांच्या घरात असतो, म्हणजे अशा वादळात बदल होतो तो जेमतेम एक टक्का. साध्या होकायंत्रात काही कळायचं नाही. पण नाजूक उपकरणाला ही उलथापालथ आहे.

आपल्या डोक्यावरच्या आयनांबराची गोष्ट आणखी वेगळी. चुंबकीय विषुववृत्त तमिळनाडू-केरळच्या टोकाजवळून जातं. सूर्यास्तानंतर तिथे आयनांबरात विरळ बुडबुडे उठतात आणि उत्तरेकडे महाराष्ट्रावर पसरतात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते जास्त, सूर्य सक्रिय असताना त्याहून जास्त. त्यांतून येणारा जीपीएसचा संदेश तारे लुकलुकावेत तसा कमीजास्त होतो. कोल्हापूरला भूचुंबकत्व संस्थेचे संशोधक ६३० नॅनोमीटरच्या त्याच तांबड्या प्रकाशात रात्रीचं आकाश टिपतात. वातावरणाची ही स्वतःची मंद चमक कॅमेऱ्याला दिसते आणि बुडबुडे तिच्यात काळ्या पट्ट्यांसारखे सरकतात. केपी वाढला म्हणजे हे बुडबुडे वाढलेच, असं मात्र नाही. वादळ कधी त्यांना उठवतं, कधी दाबून टाकतं. एक्स वर्गाची सौरज्वाला मात्र दिवसा थेट जाणवते. लघुलहरींवर बोलणारे हॅम मित्र सांगतील, की आवाज एकाएकी बुडतो आणि कधी तासभर परतत नाही.

दिवसाच करता येण्याजोगं दुसरं काम डाग मोजण्याचं. छोट्या दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडावी. शोधक दुर्बीण झाकलेली हवी, जवळ लहान मुलं असतील तर क्षणभरही तिथून हलू नये, आणि सौरगाळणी नसताना कुणीही डोळा लावू नये. रुडॉल्फ वोल्फ यांची रीत सोपी आहे: डागांचे समूह गुणिले दहा, अधिक एकूण डाग. चार समूह आणि ११ डाग म्हणजे ५१. मे २०२४ चा ३६६४ क्रमांकाचा समूह तर नुसत्या ग्रहणाच्या चष्म्यातूनही दिसत होता.

रात्रीच्या आकाशासाठी केपी चालत नाही, तिथे इथलीच हवा बघावी लागते. दिनदर्शिकेतली तिथी पाहिली की अर्धा निर्णय झाला. कृष्ण अष्टमीनंतर मध्यरात्रीपर्यंत चंद्र नसतो. पुढचा प्रश्न पारदर्शकतेचा, आणि त्याला उन्हाळ्यात माझी एकच परीक्षा आहे. सप्तर्षींतला अत्री, जिथे चौकोनाला शेपूट जोडलेली आहे तो, बाकीच्या सहांपेक्षा मंद. तो सहज दिसत नसेल तर दीर्घिका बघायचा बेत सोडावा आणि दुर्बीण ग्रहांवर किंवा चंद्रावर लावावी. त्यांना धुरकट हवा फारशी बाधत नाही, त्यांना हवी असते स्थिर हवा. पाऊस पडून गेल्यावर आकाश धुतल्यासारखं होतं, पण वारा असला की गुरू उकळत्या पाण्याखाली ठेवल्यासारखा दिसतो. उलट किंचित धूसर, निवांत रात्री त्याचे पट्टे सुरेख उठतात. गच्चीवरचा स्लॅब दिवसभराची उष्णता मध्यरात्रीपर्यंत ओकत असतो, म्हणून मातीवर किंवा गवतावर मांडणी करावी. नोव्हेंबरात पहाटे भिंगावर दव धरतं, ते पुसू नये.

जागेसाठी मुंबईकर अनेक वर्षं वांगणीला जातात. पुण्यात १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, नवख्याने तिचा माग काढावा. विदर्भातल्यांचं भाग्य मोठं: जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं अंधार-आकाश उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. इतर जिल्ह्यांनी हे मनावर घ्यायला हवं. दिवे बंद करावे लागत नाहीत, त्यांची तोंडं जमिनीकडे वळवावी लागतात.

सध्याचं २५ वं सौरचक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि २०२४ च्या सुमारास भरात आलं. भर ओसरला म्हणजे वादळं संपली असं समजू नये. २००३ ची मोठी वादळं उतरणीवरच झाली होती. उतरणीच्या वर्षांत सूर्याच्या प्रभामंडळातली विवरं महिनोन्‌महिने टिकतात, त्यांतून वेगवान वारा सुटतो, आणि सूर्य स्वतःभोवती फिरत असल्यामुळे तेच विवर साधारण २७ दिवसांनी पुन्हा आपल्यासमोर येतं. म्हणून केपी पाच झाला की दिनदर्शिकेत त्या तारखेवर खूण करावी आणि २७ दिवस पुढे मोजून दुसरी. १ मार्चला वादळ झालं असेल तर २८ मार्चला बीझेडवर लक्ष ठेवावं. विषुवदिनाच्या आसपासच्या या आठवड्यांत एरवीही वादळं जास्त होतात, आणि संध्याकाळी ईशान्येला सप्तर्षी वर येत असतात, तेव्हा अत्रीची परीक्षाही त्याच वेळी घेता येते.