रहस्यकथेतील घड्याळ आणि यंत्राचे विस्मरण

‘चारला पाच मिनिटे कमी दाखविणारे भिंतीवरचे घड्याळ काढ’ असे सांगितले, तरी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी चित्रसाधने बराच काळ दहा वाजून दहा मिनिटेच दाखवीत आली आहेत. कारण साधे आहे. ही साधने ज्या असंख्य छायाचित्रांवर तयार झाली, त्यांत घड्याळांच्या जाहिराती भरपूर, आणि जाहिरातीतले काटे बहुधा याच वेळेवर थांबलेले. एरवी ही गंमत म्हणून सोडून देता येईल. मात्र मुलांसाठी रहस्यमालिका काढायची असेल आणि चोरी किती वाजता झाली यावरच सारे कोडे बेतलेले असेल, तर कथाच कोसळते.

अशी मालिका काढण्याचा विचार आता गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावातूनही होऊ शकतो, हा गेल्या दोन-तीन वर्षांतला बदल आहे. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. म्हणजे दहा मिनिटांच्या भागाला १४,४०० चौकटी. एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी सात हजारांवर चित्रे होतात. हा खर्च मराठीला पेलला नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दूरदर्शनवर आला, २०१७ मध्ये चित्रपटातही आला. पण दोन्ही वेळा हाडामासाच्या नटांच्या रूपाने. सत्यजित राय यांच्या फेलूदाला ॲनिमेशनचे भाग्य लाभले, फेण्यांच्या बनेशला नाही. वास्तविक कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रभात’ने पुण्यास गेल्यावर १९३४ मध्येच ‘जंबूकाका’ हे व्यंगपटाचे पाऊल टाकले होते. पुढे ती वाट रुंद झाली नाही, एवढे खरे.

आता चित्रे काढण्याचा प्रश्न बराचसा सुटला आहे. अडचण दुसरीकडेच आहे. गूगलने मे २०२५ मध्ये आणलेले ‘व्हिओ ३’ एका वेळी आठ सेकंदांचे चित्रण आवाजासह तयार करते. म्हणजे दहा मिनिटांच्या भागासाठी असे ७५ तुकडे जोडावे लागतील, आणि एका तुकड्यात काय होते ते पुढच्याला आपोआप आठवत नाही. नायिकेची निळी पिशवी पुढच्या दृश्यात हिरवी होते, शर्टाची गुंडी नाहीशी होते, भिंतीवरची खुंटी सरकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘जिओहॉटस्टार’वर आलेल्या, याच तंत्राने केलेल्या ‘महाभारत : एक धर्मयुद्ध’मध्ये राजवाड्यातील पलंगाशेजारी आजकालच्या धाटणीचे छोटे मेज दिसले आणि प्रेक्षकांनी त्याची यथेच्छ चेष्टा केली. पौराणिक कथेत अशा चुकीवर हसून पुढे जाता येते. रहस्यकथेत ती चूक हाच पुरावा ठरतो. गुंडी कुठे गेली, हे शोधण्यासाठीच तर मूल डोळे ताणून बसलेले असते. त्याने बरोबर हेरलेली गोष्ट यंत्राची चूक होती असे शेवटी कळले, तर ते दुसरा भाग पाहणार नाही, आणि त्याचे काही चुकले असेही म्हणता येणार नाही.

म्हणूनच जाणकारीने काम करणारे आधी पात्रांचे आराखडे हाताने पक्के करतात : समोरून, बाजूने, पाठीमागून, कपडे, वस्तू, रंग यांसह. प्रत्येक तुकड्याचे पहिले चित्र या आराखड्यावरून ठरवून साधनाला देतात आणि त्याला फक्त हालचाल करायला लावतात. घड्याळ, चिठ्ठी, पायाचा ठसा हे दुवे मात्र यंत्रावर सोपवू नयेत. ते माणसाने काढून वरून बसवावेत. चिठ्ठीबाबत हे विशेष लागू आहे, कारण देवनागरी अक्षरे काढताना ही साधने अजूनही काना-मात्रांचा गोंधळ घालतात. गुन्हेगार डावखुरा दाखवायचा असेल तर त्याहून अधिक सावध राहावे. लिहिणारा हात उजवाच काढण्याकडे त्यांचा कल असतो.

स्थळाचेही तसेच. गडहिंग्लज परिसरात रहस्यकथेला लागणारे सर्व काही आहे : सामानगड, जांभ्या खडकातल्या पायऱ्यांनी खोल उतरणारी तेथील कमानींची विहीर, १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावाची आठवण, हिरण्यकेशीचा काठ, मिरचीचा बाजार, फुटबॉलचे वेड. यंत्राला नुसते ‘किल्ल्यातील विहीर’ सांगितले तर ते कुठलीतरी सरासरी विहीर काढील. तिथे जाऊन काढलेली छायाचित्रे संदर्भ म्हणून दिली, तरच जांभ्याचा तांबडा रंग पडद्यावर येतो.

आवाजाच्या बाबतीत तर यंत्राचा मोह टाळलेलाच बरा. संगणकी मराठी आवाज प्रमाणभाषा स्वच्छ बोलतात. पण कानडी मुलखाला लागून असलेल्या या भागातला हेल त्यांच्याकडून निघत नाही. गावातल्या चार मुलांचे आवाज, पालकांच्या लेखी संमतीने, साध्या ध्वनिमुद्रकावर घेतले तरी काम भागते. नामवंताच्या आवाजाची नक्कल करणे हा तर कायद्याचा प्रश्न आहे. अरिजित सिंग यांना २०२४ मध्ये आणि आशा भोसले यांना २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा नकलांविरुद्ध संरक्षण दिले. कथेचेही तेच. भागवतांचे निधन २००१ मध्ये झाले आणि भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. त्यामुळे फास्टर फेणे परवानगीवाचून घ्यायचा तर २०६१ साल संपेपर्यंत थांबावे लागेल. तोवर गडहिंग्लजने आपला स्वतःचा पोरगा किंवा पोरगी शोधलेली बरी.

भाग तयार झाला की प्रसिद्ध करण्यापूर्वी एक स्वस्त चाचणी घेता येते. शेवटची उकल कापून उरलेला भाग पाच-सहा मुलांना दाखवावा आणि त्यांना कशाकशाचा संशय आला ते कागदावर लिहून घ्यावे. लेखकाच्या यादीत नसलेली जी गोष्ट एकाहून अधिक मुलांनी लिहिली असेल, ते दृश्य पुन्हा करायला घ्यावे.