जुन्या गाडीचा रंग जपताना

अम्मींना दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी आम्ही दहा वर्षे वापरलेली लाल गाडी घेतली. बोनेट फिके पडले होते, हात फिरवला की खरखरीत लागे. नवा रंग देणे परवडणारे नव्हते, म्हणून सुट्टीत घरीच कामाला लागलो.

रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो, साधारण 50 मायक्रॉनचा. म्हणजे केसाहूनही पातळ. पॉलिश करताना हाच थर थोडा घासला जातो. हे ठाऊक नसल्याने आम्ही बोनेटच्या कडेला कंपाऊंड जोरात घासले आणि लाल रंग फडक्यावर उतरला. ती कड आजही डोळ्यांत खुपते.

मग रीत शिकलो. गाडी सावलीत, कार शाम्पूने धुवावी. कपड्यांची पावडर वापरू नये. चिकटलेली घाण क्ले बारने काढावी. ज्या ओरखड्यात नख अडकते, तो पॉलिशने जात नाही. त्याच्या मागे लागू नये. मायक्रोफायबरने हलके पॉलिश करून वर वॅक्स लावावे. वॅक्स दर दोन-तीन महिन्यांनी, पॉलिश मात्र क्वचितच. पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी पाण्याने भिजवून पुसावी.

गाडी अजून बरीच वर्षे चालवायची आहे. म्हणून आता घासण्यापेक्षा जपण्यावर आमचा भर आहे.